अंडी उबवण यंत्रातील आर्द्रता

कोंबडीची अंडी कृत्रिम रीत्या उबविताना यंत्रातील हवेत असणारे पाण्याच्या वाफेचे प्रमाण व त्याचे नियमन. तापमान, वायुवीजन व अंडी फिरविणे यांच्या जोडीने आर्द्रता ही उबवणुकीची चौथी आवश्यक बाब होय. या चारांपैकी घरगुती उबवणुकीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. तापमान बरेच चुकल्यास गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो व अंडे उजेडासमोर धरले असता ते कळून येते. आर्द्रता चुकली, तर अठरा-एकोणीस दिवस सर्व काही सुरळीत चालल्याचे दिसते आणि विसाव्या-एकविसाव्या दिवशी पूर्ण वाढलेली पिले कवचाच्या आतच मेलेली आढळतात. ज्याच्याजवळ आवडीच्या देशी कोंबडीची दहा-बारा अंडीच आहेत, त्याचे हे नुकसान पुढील हंगामापर्यंत भरून निघत नाही.

अंडे व पाणी : अंडे बाहेरून बंद दिसत असले, तरी त्याच्या कवचाला सु. ७,००० ते १७,००० सूक्ष्म रंध्रे असतात व रुंद टोकाकडे ती अधिक दाट असतात. गर्भाला लागणारा ऑक्सिजन याच रंध्रांतून आत येतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ याच वाटेने बाहेर पडतात. ऑक्सिजन आत यावा आणि पाणी मात्र आतच राहावे अशी सोय कवचात नाही. पाणी बाहेर जाणे हा अंड्याचा दोष नसून गर्भाच्या वाढीची ती एक अटच आहे. गर्भ आपली बहुतेक ऊर्जा पिवळ्या बलकातील मेदापासून मिळवितो आणि एक ग्रॅम मेद वापरला गेला की, एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी नव्याने तयार होते. हे पाणी बाहेर गेले नाही, तर पिलाच्या शरीरात ते साठत जाईल. शिवाय जेवढे पाणी जाते तेवढी जागा हवेने भरते व रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी मोठी होत जाते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू आपली चोच प्रथम या पोकळीत घुसविते व आयुष्यातील पहिला श्वास तेथील हवेचा घेते. कवच फोडण्याचे श्रम त्यानंतरचे. ही पोकळी पुरेशी मोठी नसेल, तर फुप्फुसे कामाला लागण्याच्या त्या काही तासांत पिलू गुदमरते.

हर्मन रान, आमोस आर व चार्ल्स पगानेली या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बफालो येथे निरनिराळ्या आकारमानांच्या पक्ष्यांच्या अंड्यांतील वायुविनिमयाचा अभ्यास केला. अंडे लहान असो वा मोठे, उबवणुकीच्या काळात ते आपल्या मूळ वजनाच्या सु. १५ टक्के पाणी गमावते, असे त्यांना आढळले. कोंबडीच्या ६० ग्रॅ. वजनाच्या अंड्यातून २१ दिवसांत सु. ९ ग्रॅ. पाणी म्हणजे सु. ११ लि. वाफ बाहेर पडते, असा याचा अर्थ होतो. व्यवहारात मोजमाप अठराव्या दिवसापर्यंत करतात व त्या दिवशी मूळ वजनातील घट ११ ते १४ टक्के असावी, असा संकेत आहे. १३ टक्के हे लक्ष्य ठरविणे सोयीचे पडते. यंत्रातील आर्द्रता हे ही घट साधण्याचे केवळ साधन आहे, ही गोष्ट प्रथम मनात पक्की होणे आवश्यक आहे. यंत्रासोबतच्या पत्रकात छापलेला आकडा काटेकोरपणे पाळूनही अंडी वाया गेल्याची तक्रार जेथे जेथे ऐकू येते, तेथे बहुधा साधनालाच साध्य मानलेले असते.

बाष्पदाब : अंड्याच्या आतील हवा नेहमीच बाष्पाने संपृक्त असते. ३७·५° से. तापमानास संपृक्त बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सु. ४८ मिमी. स्तंभाइतका असतो. यंत्रातील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर बाहेरचा बाष्पदाब २४ मिमी. व आत-बाहेरचा फरकही २४ मिमी. राहील. पाणी बाहेर जाण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो. आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरली, तर फरक सु. ३४ मिमी. होऊन अंडे सु. ४० टक्के अधिक वेगाने सुकू लागते. हा हिशेब साधा असून पुढे वजनावरून आर्द्रता ठरविताना तो उपयोगी पडतो.

सर्वसाधारणपणे पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी, असे सांगितले जाते. मध्यम आकारमानाच्या, ताज्या व चांगल्या कवचाच्या अंड्यांना हे आकडे बहुधा लागू पडतात. मात्र सर्व अंडी सारखी नसतात. लहान अंड्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे देशी कोंबडीचे ४० ग्रॅ. वजनाचे अंडे संकरित कोंबडीच्या ६० ग्रॅ. वजनाच्या अंड्यापेक्षा प्रमाणाने लवकर सुकण्याची शक्यता असते. वय झालेल्या कोंबडीच्या अंड्याचे कवच पातळ असते. अंडी घासून धुतल्यास कवचावरील संरक्षक उपत्वचा निघून जाते व पाणी जाण्याची वाट मोकळी होते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही परिणाम होतो. हवा विरळ असेल तेथे वाफेचे विसरण जलद होते. महाबळेश्वरसारख्या सु. १,३७० मी. उंचीच्या ठिकाणी अन्य परिस्थिती सारखी असता अंडे किनाऱ्यापेक्षा १५ ते २० टक्के अधिक वेगाने सुकेल. पावसाळ्यात तेथे अन्य परिस्थिती मुळीच सारखी नसते, हा भाग वेगळा.

हवामानाचा परिणाम : घरगुती यंत्र बाहेरचीच हवा आत घेते व ती तापविते. हवा तापविली की, तिच्यातील वाफ तेवढीच राहते, परंतु सापेक्ष आर्द्रता उतरते. २८° से. तापमानाची व ९० टक्के आर्द्रतेची कोकणातील आषाढातली हवा ३७·५° से.पर्यंत तापविल्यास तिची आर्द्रता पाण्याचा थेंबही न घालता सु. ५३ टक्के भरते. अशा हवेत यंत्रातील भांडे पाण्याने भरून ठेवणे म्हणजे अंड्यांना सुकू न देणेच होय. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पहिले १८ दिवस भांडे कोरडे ठेवून केलेली उबवणूक यशस्वी होते, यात नवल नाही. याउलट २०° से. तापमानाची व ५० टक्के आर्द्रतेची देशावरची हिवाळी हवा तापविली असता केवळ १८ टक्के आर्द्रता उरते. वैशाखातील दुपारी ४२° से. तापमान व १५ टक्के आर्द्रता असलेली विदर्भातील हवा यंत्राच्या तापमानास सु. १९ टक्के आर्द्रता दाखविते. तापमानांत एवढे अंतर असूनही नागपूरचा उन्हाळा व पुण्याचा हिवाळा अंड्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच कोरडे ठरतात. रत्नागिरीतील नातेवाइकाने सांगितलेली पाण्याची मात्रा अमरावतीत लागू का पडत नाही, याचे उत्तर यात आहे.

पाण्याचे भांडे : यंत्रातील आर्द्रता भांड्यातील पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसून उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. खोल वाटीत काठोकाठ पाणी भरले, तरी उथळ ताटलीत बोटभर पाणी ठेवून मिळेल तेवढी वाफ त्यातून मिळत नाही. खोली वाढविल्याने पाणी फक्त अधिक दिवस पुरते. म्हणून आर्द्रता वाढवावयाची असल्यास भांडे पसरट घ्यावे किंवा पाण्यात स्पंजाचा तुकडा अथवा सुती कापडाची घडी उभी ठेवावी. कमी करावयाची असल्यास भांड्याचा काही भाग झाकावा. पाणी घालताना ते कोमट करून घ्यावे, कारण थंड पाण्याने यंत्राचे तापमान काही काळ उतरते. लहान पेट्यांत झाकण न उघडता बाहेरून नळीने पाणी सोडण्याची सोय केली, तर फार उपयोग होतो.

आर्द्रता वाढत नाही म्हणून हवेची छिद्रे बुजविण्याची युक्ती अनेकदा केली जाते. ती घातक आहे. वाढत्या गर्भाला दिवसेंदिवस अधिक ऑक्सिजन लागतो व शेवटच्या आठवड्यात ही गरज सर्वांत मोठी असते. आर्द्रतेचे नियमन पाण्याच्या पृष्ठभागाने करावे, हवा कोंडून करू नये. अंड्यांवर पाणी शिंपडल्याने कवच मऊ होते, ही समजूतही निराधार आहे. कवच कॅल्शियम कार्बोनेटाचे असून पाण्याने ते मऊ होत नाही. ओल्या कवचाच्या रंध्रांतून सूक्ष्मजंतू मात्र सहज आत शिरतात.

मापन : जुनी व अद्यापही भरवशाची पद्धत शुष्क व आर्द्र अशा दोन तापमापकांची आहे. दुसऱ्या तापमापकाच्या फुग्यावर स्वच्छ सुती वात बसवून तिचे टोक पाण्यात बुडविलेले असते. बाष्पीभवनामुळे हा तापमापक नेहमी खालचे तापमान दाखवितो व हवा जितकी कोरडी तितका दोहोंतील फरक अधिक असतो. शुष्क तापमापक ३७·५° से. दाखवीत असता आर्द्र तापमापकाने २८·५° से. दाखविल्यास आर्द्रता सु. ५१ टक्के, ३०° से. दाखविल्यास ५८ टक्के व ३२·५° से. दाखविल्यास सु. ७० टक्के असते. वातीवर क्षार साचले की, आकडा चढा येतो. म्हणून वात वरचेवर बदलावी व शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. या रीतीला फुग्यावरून हवा वाहती असावी लागते. पंखा नसलेल्या पेटीत तिचे वाचन विश्वसनीय नसते. अशा स्थिर हवेच्या पेटीत वरच्या व खालच्या थरांच्या तापमानांतही फरक पडतो. म्हणून तेथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीस ३८·३° ते ३८·९° से. तापमान राखतात.

आजकाल बाजारात मिळणारे अंकदर्शक आर्द्रतामापक सोयीचे असले, तरी त्यांपैकी स्वस्त उपकरणांत पाच टक्क्यांची चूक सहज असू शकते. ती तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. लहान वाटीत खाण्याचे मीठ घेऊन त्याचा ओलसर लगदा होईल इतकेच पाणी त्यात घालावे. ती वाटी व आर्द्रतामापक घट्ट झाकणाच्या डब्यात एके ठिकाणी रात्रभर ठेवावीत. मिठाच्या संपृक्त विद्रावावरील हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानांस ७५ टक्के असते. उपकरणाने ७० दाखविले, तर ते पाचाने कमी दाखविते असे समजून पुढील वाचनांत तेवढी भर घालावी.

वजनाची रीत : यंत्रात ठेवताना सर्व अंड्यांचे एकत्र वजन करून ते टिपून ठेवावे. अंडी आधी काही दिवस साठविलेली असली, तरी हिशेब यंत्रात ठेवतानाच्या वजनापासून धरतात. यासाठी एक ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातील तराजू पुरतो. समजा, १२ अंड्यांचे वजन ६०० ग्रॅ. भरले. १८ दिवसांत १३ टक्के म्हणजे ७८ ग्रॅ. घट व्हावयास हवी. दररोजची घट सु. ४·३ ग्रॅ. होते व सहाव्या दिवशी वजन ५७४ ग्रॅ. असावयास हवे. प्रत्यक्षात ते ५६५ ग्रॅ. भरले, तर सहा दिवसांतच ३५ ग्रॅ. पाणी गेलेले आहे. उरलेल्या १२ दिवसांत आता ४३ ग्रॅ.च जावे, म्हणजे दररोज ५·८ ग्रॅ.ऐवजी ३·६ ग्रॅ. जावे लागेल. पूर्वीच्या वेगाच्या सु. ०·६१ पट एवढाच हा वेग आहे. या सहा दिवसांत आर्द्रता सरासरी ३५ टक्के राहिली असेल, तर संपृक्ततेपासूनचा फरक ६५ होता. तो ६५ × ०·६१ म्हणजे सु. ४० वर आणावयाचा, अर्थात आर्द्रता ६० टक्क्यांवर न्यावयाची. या रीतीचा विशेष असा की, आर्द्रतामापक काही टक्क्यांनी चुकत असला, तरी उत्तर फारसे बिघडत नाही आणि बाराव्या दिवशी पुन्हा वजन केले की, राहिलेली चूक दुरुस्त करता येते. निर्जीव अंडी मध्येच काढून टाकल्यास त्यांचे मूळ वजन एकूण मूळ वजनातून वजा करावयास विसरू नये. त्यासाठी आरंभी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचे वजन लिहून ठेवणे बरे.

तराजू नसल्यास हवेच्या पोकळीवरून अंदाज करतात. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी विजेरी धरली असता पोकळीची कड स्पष्ट दिसते. सातव्या, चौदाव्या व अठराव्या दिवशी ती कड पेन्सिलीने आखावी. अठराव्या दिवशी पोकळीने अंड्याचा चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा भाग व्यापलेला असावा. अनुभवी डोळ्याला हे पुरते, नवख्याने मात्र तराजूवरच भिस्त ठेवावी.

खुडूक कोंबडी यातले काहीच मोजत नाही, तरी तिची पिले निघतात. ती अंड्यांना एका बाजूने ऊब देते, घरट्यातील गवत व जमीन यांचा ओलावा खालून मिळतो आणि चरण्यासाठी ती रोज थोडा वेळ उठते तेव्हा घरट्यातील हवा पालटते. बंद पेटीत यांपैकी प्रत्येक गोष्ट माणसाला करावी लागते. ईजिप्तमधील मातीच्या विटांच्या प्राचीन पद्धतीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकत्र उबवीत व तेथील कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब ओळखीत. पिढीजात हातांत हे कौशल्य टिकून राहिले. यूरोपात रेओम्यूर या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कुजत्या शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबविण्याचे प्रयोग केले व १७४९ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्णतेचा प्रश्न पुढील शतकात तापनियंत्रकांनी बऱ्याच अंशी सोडविला. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअरसन यांनी तयार केलेल्या यंत्रात यासाठी सहज बाष्पनशील द्रव भरलेली डबी वापरली होती.

शेवटचे तीन दिवस : अठराव्या दिवसानंतर अंडी फिरविणे थांबवितात व आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात. येथे आर्द्रतेचे कार्य बदलते. आवश्यक तेवढे पाणी आता गेलेले असते व पिलू कवचाला पहिले भोक पाडते, तेव्हा आतील पातळ पटले बाहेरच्या हवेत उघडी पडतात. हवा कोरडी असेल, तर ती चामड्यासारखी वाळून पिलाच्या अंगाला चिकटतात. पिलाला कवचात गोल फिरत फिरत ते कापावे लागते. अंगाभोवती पटल आवळले की, फिरणे थांबते. पहिले भोक पडल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात व एवढा विलंब स्वाभाविक आहे. या काळात पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असते व पटलातील रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात. उतावळेपणाने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन पिलू दगावते. याच काळात झाकण उघडून पाहण्याचा मोह सर्वांत अनावर असतो व त्याने सर्वाधिक हानी होते. एकदा झाकण उघडले की, साठलेली ओलसर हवा क्षणात निघून जाते व पूर्ववत होण्यास बराच वेळ लागतो.

पहिली पिले बाहेर आली की, त्यांच्या ओल्या पिसांमुळे आर्द्रता आपोआप चढते. काचेवर पाणी ओघळू लागल्यास हवेची छिद्रे अधिक उघडावीत. पोटातील बलकावर पिलू किमान एक दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते. म्हणून प्रत्येक पिलासाठी झाकण उघडू नये. बहुतेक पिले निघून सुकल्यावर ती एकदमच काढावीत.

वीज खंडित झाल्यास पेटी थंड होऊ लागते व आर्द्रतामापकाचा आकडा चढतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. अंडेही थंड होत असल्यामुळे त्यातील बाष्पदाब उतरतो व पाणी जाण्याचा वेग वाढण्याऐवजी मंदावतो. अशा वेळी पेटीवर गोणपाट वा घोंगडी टाकावी व छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत. वारंवार वीज जात असेल, तर वजनाच्या नोंदीत घट मंदावलेली दिसते. ती पुढील दिवसांत पाणी कमी करून भरून काढता येते.

दोषांची लक्षणे : न फुटलेली अंडी बाविसाव्या दिवशी तशीच फेकून देण्याची रीत पडली आहे. वास्तविक ती फोडून पाहणे हेच पुढील खेपेचे खरे मार्गदर्शन होय. हवेची पोकळी लहान, पिलू फुगीर व मऊ, बेंबी न मिटलेली व अंगाला पांढऱ्या बलकाचा चिकट लेप असे दिसल्यास पहिल्या १८ दिवसांत आर्द्रता जास्त होती, असे समजावे. पोकळी फार मोठी, पिलू लहान व सुकलेले आणि पटले अंगाला घट्ट चिकटलेली असतील, तर ती कमी होती. पोकळी योग्य मापाची असून पिलू भोक पाडून मेले असेल व भोकाभोवतीचे पटल पिवळट, कडक झाले असेल, तर दोष केवळ शेवटच्या तीन दिवसांचा, बहुधा झाकण उघडण्याचा असतो. गर्भ पहिल्या आठवड्यातच मेलेला आढळल्यास मात्र कारण आर्द्रतेत न शोधता अंड्यांचे वय, साठवण व तापमान यांत शोधावे. अशी अंडी फोडताना ती पाण्याच्या भांड्यात बुडवून फोडावीत, कारण कुजलेल्या अंड्यात साठलेल्या वायूमुळे ते हातातच फुटण्याचा संभव असतो.